जेवढं आहे तेवढं दाखव

नवा टीव्ही घरात आला की पहिले आठ दिवस तो सगळ्यांना फार आवडतो. लाल रंग असा की बघूनच ठसका लागावा, गवत असं हिरवं की म्हशीनंही बिचकावं. दुकानात तो ज्या अवस्थेत लावलेला असतो त्याच अवस्थेत घरी येतो आणि पुढची सात-आठ वर्षं तसाच चालू राहतो. दुकानात शेजारी आणखी वीस टीव्ही असतात, वर ट्यूबलाइटचा लखलखाट असतो, आणि त्या गर्दीत गिऱ्हाइकाचा डोळा आपल्याकडे ओढायचा असतो. तिथे ते ठीक आहे. पण लग्नात केलेला मेकअप नवरीनं वर्षभर उतरवलाच नाही तर कसं वाटेल? आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींचं तसं झालेलं आहे.

सेटिंगच्या मेनूत शिरायची लोकांना भीती वाटते. वाटणारच. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, एज एन्हान्सर, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग, सुपर रिझोल्यूशन... नावं अशी की बंद केलं तर आपलंच काहीतरी नुकसान होईल. ‘सुपर’ बंद कोण करतो? पण मला विचाराल तर या सगळ्या यादीमागे प्रश्न एकच आहे: समोरचं चित्र ज्यानं काढलं त्याचं ऐकायचं की चित्र दाखवणाऱ्या यंत्राचं? आणि हा प्रश्न दिसतो तेवढा तांत्रिक नाही. आज त्याच्यावरच लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात. घरातली एक खोली सिनेमासाठी राखून ठेवलेली आहे. फार काही नाही. पंचावन्न इंची फोर-के टीव्ही, एक जुना डीव्हीडी प्लेअर, एक स्ट्रीमिंगचा डबा, अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर. शहरातून मित्र येतात, पंधरा किलोमीटरचं तर अंतर. आले की पहिला प्रश्न, “सेटिंग काय ठेवलंय?” जणू काही एखादा गुप्त आकडा आहे आणि तो मी लपवून ठेवलाय. आकडा वगैरे काही नाही. बहुतेक गोष्टी मी बंद केल्या आहेत, एवढंच.

आता हिशेब. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. आपल्याकडच्या डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. डीव्हीडीतल्या एका ठिपक्याच्या जागी पडद्यावर वीस ठिपके भरायचे आहेत. आणि दोन हजारच्या दशकात घरोघरी ज्या व्हीसीडी होत्या, पन्नास-शंभर रुपयांच्या, दोन तबकड्यांत एक सिनेमा, मध्यंतराला उठून तबकडी बदलायची, त्यांत ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. ‘अशी ही बनवाबनवी’ची व्हीसीडी आज फोर-के टीव्हीवर लावली तर दर ब्याऐंशी ठिपक्यांतला एक खरा आणि एक्क्याऐंशी यंत्रानं भरलेले!

हे भरणं म्हणजेच अपस्केलिंग. ते टाळता येत नाही. टाळायचं म्हटलं तर व्हीसीडी पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढी दिसेल. तेव्हा अपस्केलिंग नकोच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मात्र भरण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली पद्धत शेजारपाजारचे ठिपके बघून मधला रंग काढते. इकडे पांढरा, तिकडे काळा, तर मध्ये करडा. यात नवीन माहिती तयार होत नाही, असलेली पसरवली जाते. भाकरी तेवढ्याच पिठाची, फक्त मोठी थापली, म्हणून पातळ झाली. दुसरी पद्धत अंदाज बांधते. लाखो चित्रं बघून शिकलेली असते, आणि समोरच्या धूसर डागाकडे बघून म्हणते की हा बहुतेक डोळा असावा, म्हणून इथे पापण्या काढतो. हिच्यात पीठच बाहेरून आणलेलं असतं. या दुसऱ्या पद्धतीकडे मी शेवटी येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

पहिल्या पद्धतीपुरतं साधं सूत्र सांगतो: काम एकानंच करावं. प्लेअर चित्र मोठं करतो, मग अ‍ॅम्प्लिफायर त्याला हात लावतो, मग टीव्ही पुन्हा चकचकीत करतो. तीन आचारी एकाच आमटीत मीठ घालतात. प्लेअरच्या मेनूत आउटपुट ‘१०८०पी’ किंवा ‘२१६०पी’ निवडलं की मोठं करायचं काम प्लेअरकडे जातं. ‘५७६आय’ किंवा ‘सोर्स डायरेक्ट’ निवडलं की ते टीव्हीकडे जातं. यातलं चांगलं कोणतं? उत्तर यंत्रागणिक वेगळं. म्हणून तबकडी एकच घ्या, प्रसंग एकच घ्या, दोन्ही तऱ्हांनी बघा. श्रेयनामावलीतल्या अक्षरांच्या कडा बघा, आणि कॅमेरा आडवा फिरताना तारा, जाळ्या, खिडक्यांचे गज शिवशिवतात का बघा. शिवशिवणारा बाद. जुन्या दूरदर्शनी पद्धतीत एका चित्राच्या सम आणि विषम रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. त्या नीट जुळवणं मोठं करण्यापेक्षा अवघड असतं, आणि स्वस्त यंत्र तिथेच उघडं पडतं. अ‍ॅम्प्लिफायरमधली चित्राची प्रक्रिया मात्र सरळ बंद करून टाका. त्याचं काम आवाजाचं.

प्रोजेक्टर घेणाऱ्यांसाठी एक वाक्य. खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ फोर-के चित्र तो आत घेतो. बाहेर किती ठिपके फेकतो ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या शब्दांपुढे असतं, आणि ते शब्द बारीक अक्षरांत असतात. तिथे १२८० गुणिले ७२० किंवा त्याहूनही कमी सापडलं तर रागावू नका. तेवढ्यातही चांगला सिनेमा बघता येतो. फक्त पैसे तेवढ्याचेच द्या.

आता आकार. आमच्या किल्ल्यात शिरलं की थोडं पुढे चाँद मिनार आहे. १४४५ साली बहमनी सुलतान अल्लाउद्दीनच्या काळात बांधलेला, दोनशे फुटांहून उंच. त्याचा सगळा डौल उंची आणि रुंदीच्या प्रमाणात आहे. समजा जुन्या कॅमेऱ्यानं, ४:३ आकारात, त्याचं चित्रण केलं आणि तुमच्या १६:९ टीव्हीनं ते कडेपर्यंत ताणलं, तर रुंदी एक तृतीयांशानं वाढते. उंची तेवढीच. मिनाराचा रांजण होतो. दगडाच्या बाबतीत हे लगेच लक्षात येतं, माणसाच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं खपवून घेतो. कितीतरी घरांमध्ये मी जुन्या सिनेमातले नायक-नायिका फुगलेल्या पुऱ्यांसारखे बघितले आहेत, आणि घरातल्यांना त्याचं काहीच वाटत नाही. वर म्हणतात, “बाजूला काळे पट्टे आले की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.”

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला, विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, आणि १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्या काळच्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौकोनीच असायची. तिच्यातच बसवून त्यांनी प्रत्येक दृश्य बांधलं. कुठे किती आकाश ठेवायचं, माणूस किती खाली बसवायचा, हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं आहे. ते ताणणं, किंवा त्याहून वाईट, पडदा भरावा म्हणून वरचं-खालचं कापून टाकणं, म्हणजे दिंडीतल्या कडेच्या माणसांना घरी पाठवण्यासारखं आहे. तेव्हा ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’. काळे पट्टे येऊ द्या. आणि ‘ओव्हरस्कॅन’ नावाचा प्रकार, ज्यात चित्राच्या चारही कडा थोड्या कापल्या जातात, तोही बंद. काही टीव्हींवर त्याला ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ म्हणतात आणि तिथे ते चालू करायचं असतं. नावांचा घोळ आहे, पण एकदा निस्तरला की झालं.

तिसरी गोष्ट गती. दौलताबादच्या माणसानं तुघलकाचं नाव काढल्याशिवाय लेख संपवला तर गावात कुणी बोलणार नाही. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, गावाचं नाव दौलताबाद केलं, लोकांना इकडे पाठवलं आणि पुढे काही वर्षांत परतायची मुभा दिली. हेतू अगदीच वाईट होता असं नाही. वाईट हे की सगळ्यांना एकच फर्मान. मोशन स्मूदिंग हे टीव्हीतलं तुघलकी फर्मान आहे. बातम्या असोत, क्रिकेट असो की सत्यजित राय, सगळ्यांनी एकाच गुळगुळीत चालीनं चालायचं.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. त्या चोविसात एक किंचित अडखळ असते, आणि सिनेमा सिनेमासारखा वाटतो तो बराचसा तिच्यामुळे. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवतो आणि सगळं तेल लावल्यासारखं सरकायला लागतं. लाखो रुपये खर्चून उभारलेला युद्धाचा देखावा दुपारच्या मालिकेचा सेट दिसायला लागतो. दिग्दर्शक आणि छायाचित्रकारांनी याविरुद्ध इतकी ओरड केली की २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ नावाची सोय जाहीर झाली. एक कळ दाबली की टीव्हीचं सगळं अतिरिक्त शहाणपण गप्प. तुमच्या टीव्हीवर ती असेल तर निम्मा लेख वाचायची गरज नव्हती!

गतीची दुसरी बाजू आउटपुटची. स्ट्रीमिंगच्या डब्यात ‘मॅच कंटेंट’ किंवा ‘मॅच फ्रेम रेट’ असा पर्याय असतो. तो चालू करा. नाहीतर डबा सगळं काही सेकंदाला ६० च्या हिशेबानं पाठवतो. साठाला चोविसानं भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, असं करून भरती करावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र उचक्या देतं. आपलं जुनं दूरदर्शनी चित्रण सेकंदाला २५ चित्रांचं, तेही साठात बसत नाही. त्याला ५० लागतात. डीव्हीडीचा आणखी एक गुण सांगतो. २४ चा सिनेमा २५ नं चालवून पॅल डीव्हीडी केली की सिनेमा चार टक्के लवकर धावतो. दोन तासांचा सिनेमा पावणेपाच-पाच मिनिटं आधी संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर गाण्याचा सूरही वर चढतो. घरात पेटी वाजवणारं कुणी असेल तर त्याला विचारा, पट्टी कुठे गेली ते तो सांगेल.

मूकपटांचं तर याहून वाईट झालंय. दादासाहेब फाळक्यांच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं घेत. ती फीत चोविसाच्या गतीनं चालवली की माणसं दुडुदुडु धावतात. शंभर वर्षांपूर्वीची माणसं तशी चालत होती असा पुष्कळांचा खरोखरच समज आहे. आपल्या पूर्वजांना आपण एका चुकीच्या सेटिंगमुळे विदूषक करून टाकलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथी गोष्ट अंधार. किल्ल्यावर जाताना वाटेत अंधारी लागते. खडकातून वर चढत जाणारा काळाकुट्ट वळणावळणाचा रस्ता, शत्रूला चकवण्यासाठी केलेला. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. पण थांबलं, डोळ्यांना वेळ दिला, की काळ्यातही प्रकार दिसायला लागतात. भिंतीचा काळा वेगळा, पायरीचा काळा वेगळा, पुढच्या माणसाच्या पाठीचा वेगळा. चांगला पडदा ओळखायचा तो यावरून. उजेड सगळेच दाखवतात.

इथे एक बारीक खोड आहे जी नव्वद टक्के लोक तपासत नाहीत असं मी बेधडक म्हणेन. सिनेमाच्या चित्रणात काळा रंग शून्यावर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. संगणकाच्या चित्रात काळा ० आणि पांढरा २५५. प्लेअर एका भाषेत बोलला आणि टीव्हीनं दुसऱ्या भाषेत ऐकलं की दोनांपैकी एक होतं. एकतर सगळा काळोख धुक्यासारखा राखाडी दिसतो, नाहीतर सावल्यांमधलं सगळं गिळलं जातं आणि नायिकेचे काळे केस म्हणजे एक डांबराचा गोळा होतो. मेनूत याला ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ म्हणतात. दोन्हीकडे सारखं ठेवा. सिनेमासाठी दोन्हीकडे ‘लिमिटेड’ उत्तम. आणि साध्या चित्राला ओढूनताणून एचडीआर करणारा पर्याय डब्यात चालू असेल तर बंद करा, नाहीतर कंदिलाच्या उजेडातला प्रसंग हॅलोजनखाली घडतो. मग खोलीतला दिवा मालवा. यासारखं स्वस्त आणि गुणकारी सेटिंग दुसरं नाही.

पाचवी गोष्ट धार. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होतं असं वाटतं. प्रत्यक्षात यंत्र प्रत्येक कडेला एक पांढरी रेघ ओढतं. लहान मुलं चित्राभोवती स्केचपेननं गिरवतात तसं. अक्षरांभोवतीची पांढरी झालर नाहीशी होईपर्यंत तो आकडा खाली आणा. काही टीव्हींवर तो शून्य असतो, काहींवर मधला. नॉइज रिडक्शनचंही तेच. जुन्या फिल्मवर जी रवाळ थरथर दिसते तो कचरा नव्हे, ती फिल्मचं सूत आहे. खादीला इस्त्री करून टेरिलीन करायचा प्रयत्न कशाला?

यावर मित्र म्हणतात, “अरे पण सुधारणा केली तर बिघडलं कुठे?” बिघडतं ते लगेच दिसत नाही, हीच तर अडचण आहे. उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची चित्रं फिकी पडत होती, पोपडे सुटत होते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते काम मोलाचंच होतं. पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढलं. रोगण ओलं, ताजं असताना रंग कसे उठून दिसले असतील! पुढे ते रोगण पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते इंच-इंच उतरवत बसावं लागलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं लावलेला रंग बघायचा तर आधी शंभर वर्षांपूर्वीची चकाकी काढावी लागली. मला टीव्हीतला ‘व्हिव्हिड’ मोड दिसला की हटकून ते रोगण आठवतं. टीव्हीचं एक बरं, रोगण एका कळीनं निघतं.

पण आता असं रोगण आलंय की जे कळीनं निघत नाही. वर म्हटलेली दुसरी पद्धत ती हीच. कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेलं अपस्केलिंग.

माझ्या बहिणीचं लग्न १९९४ साली झालं. त्याची व्हीएचएस कॅसेट. त्यात अण्णा, म्हणजे आमचे वडील, आठ-दहा मिनिटं दिसतात. ते २००६ मध्ये गेले. हलतं-बोलतं असं त्यांचं एवढंच चित्रण आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं ती कॅसेट संगणकावर घेतली आणि हौसेनं, फार प्रेमानं, एका प्रोग्रॅमातून फोर-के करून आणली. आम्ही सगळे याच खोलीत बसलो. चित्र खरोखर लख्ख होतं. फेट्याच्या घड्या दिसत होत्या, अक्षता दिसत होत्या. मग अण्णा आले. आईनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, “माणूस देखणा आहे रे. पण हे नव्हेत.”

अण्णांना लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर त्याचे व्रण होते. कॅसेटच्या धूसर चित्रात ते व्रण सुटे दिसत नाहीत, पण गालांवर एक खडबडीत सावली दिसते आणि ज्यांनी तो चेहरा बघितलाय त्यांना ती पुरते. प्रोग्रॅमला ती सावली म्हणजे कॅसेटचा दोष वाटली. त्यानं ती पुसली आणि तिथे एक गुळगुळीत, निरोगी गाल बसवला. चूक त्या यंत्राची तरी कशी म्हणू? भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, १९८० मध्ये तर जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. ज्या लाखो चेहऱ्यांवरून ते यंत्र शिकलं त्यात देवीचे व्रण असलेले चेहरे कितीसे असणार? त्याला जे कधी दिसलंच नाही ते त्याच्या लेखी असूच शकत नाही. सरासरी माणसाचा गाल घेऊन तो त्यानं अण्णांना लावला.

मग भाच्यानं मूळ प्रत लावली. ४:३, सम-विषम रेघा तेवढ्या नीट जुळवलेल्या, बाकी कशालाही हात न लावलेली. चित्र धूसर, रंग ओघळलेले, खाली कॅसेटची फाटकी रेघ नाचतेय. आई काही बोलली नाही. दहा मिनिटं बघत राहिली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. अस्पष्टपणा हीदेखील एक माहिती असते. “इथपर्यंत आम्हाला माहीत आहे, पुढचं माहीत नाही,” असं धूसर चित्र प्रामाणिकपणे सांगतं. अंदाजानं भरलेलं चित्र ती सीमारेषाच पुसून टाकतं. सगळं सारख्याच ठामपणानं सांगतं, खरंही आणि कल्पितही, आणि कुठला ठिपका कुठला हे ओळखायची सोय ठेवत नाही. मोठ्यांच्या दुनियेतही हेच चाललंय. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरूनचे ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’ फोर-के तबकड्यांवर आले तेव्हा नटांची कातडी मेणाची वाटते म्हणून रसिकांनी आरडाओरडा केला. २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती तर नायक जिवंत राहतो असा यंत्रानं बदललेला शेवट लावून पुन्हा झळकली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. गाल बदलण्यापासून शेवट बदलण्यापर्यंतचं अंतर दिसतं तेवढं लांब नाही.

आणि आपल्याकडे तर मूळ प्रती आधीच कमी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. प्रभातचा ठेवाही त्यात होता. जे उरलंय त्याच्या उरलेल्या प्रती, त्यांच्या डीव्हीडी, त्यांच्या व्हीसीडी, हाच पुष्कळदा आपला पुरावा. अशा वेळी लोकांनी जुनी मराठी गाणी ‘एआय फोर-के’ करून चढवायची आणि पुढच्या पिढीनं तीच खरी समजायची, हे मला धोक्याचं वाटतं. पुढची यंत्रं त्याच चित्रांवरून शिकणार आहेत, तेव्हा मेणाचे गाल बघून आणखी मेण.

विरोधी बाजू मला ऐकू येते. घरात म्हातारी माणसं असतात, नजर अधू असते, त्यांना भडक रंग आणि जाड कडा बऱ्या वाटतात. मग ठेवा की! टीव्ही माणसांसाठी आहे. क्रिकेट बघताना मोशन स्मूदिंग आवडत असेल तर त्यालाही माझी हरकत नाही, चेंडूची दिग्दर्शकाशी काही बोली झालेली नसते. दिवसा उजेडाच्या खोलीत उजळ मोड लागतोच. आणि अंदाज बांधणारं अपस्केलिंग गंमत म्हणून करा, लग्नाच्या वाढदिवसाला दाखवा, टाळ्या घ्या. माझा आग्रह दोनच गोष्टींचा. एक, मूळ प्रत जपा, आणि तिच्यावर ‘मूळ’ असं लिहून ठेवा. दोन, सुधारलेल्या प्रतीवर ‘सुधारलेली’ असं लिहा. बाजारात वनस्पती तूप विकायला कुणाची ना नाही, फक्त डब्यावर साजूक लिहू नये.

ज्यांना यादीच हवी आहे त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’, रंगछटा ‘वॉर्म’, आकार ‘ओरिजिनल’, ओव्हरस्कॅन बंद, मोशन स्मूदिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस झालर जाईपर्यंत खाली, ब्लॅक लेव्हल दोन्हीकडे सारखी, डब्यात ‘मॅच फ्रेम रेट’ चालू, ओढूनताणून एचडीआर बंद, अपस्केलिंग एकाच ठिकाणी. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच, जास्त साखरेचा चहा सोडताना लागतो तसा. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा टीव्ही बघा आणि मग मला सांगा.

असो. यंत्रं हुशार होत जाणार, त्याला आपला इलाज नाही आणि तक्रारही नाही. फक्त आपल्या घरातल्या यंत्राला एक गोष्ट आपण सांगू शकतो, रिमोट हातात आहे तोवर तरी: बाबा रे, जेवढं आहे तेवढं दाखव. उरलेलं आमचं आम्ही आठवू.